सगळ्यांचो व्हय, एकाचो नाय

सडेवाडी, ता. मालवण
१४ जानेवारी १९८४

चि. सुगंधास,

दादाचा आशीर्वाद.

तुला पत्र लिहायला दोन महिने लागले. मिठबावचा पत्ता नीट ठाऊक नाही, असं मी जानकीला सांगितलं. ती म्हणाली, "मास्तर, सगळ्या शाळेक पत्ते लिवक शिकयतात आणि सख्ख्या भयणीचो पत्तो गावणा नाय?" तेव्हा ते कारण सोडून देतो. लिहायला हात होत नव्हता, एवढंच खरं.

सोबत तिळगूळ आहे. मीच केला, त्यामुळे दातांना जपून खा. पाक जरा पुढे गेला. तुझ्या जाऊबाईंना, विमलावहिनींना, आणि त्यांच्या मुलांना दे. तुझ्या सासरच्यांना माझा राग असेल, पण तिळगुळाला काही म्हणणार नाहीत असं वाटतं.

आपली सांगात चालू आहे. दर रविवारी जानकी तिच्या बागेतला रिकामा मांगर झाडून ठेवते, त्याची जमीन शेणाने सारवते, आणि चार वाजता आपली माणसं जमतात. आधी सगळे गप्प बसतात, मग आठवड्यात ज्याच्या हातून जे चुकलं असेल ते तो सांगतो, मग पेज. गेल्या रविवारी पेज करपली आणि मीठ घालायचं राहिलं. एकमेकांच्या रांधण्याला नावं ठेवायची नाहीत हा आपला नियम, त्यामुळे कुणी काही बोललं नाही, पण दाजींनी दोनदा लोणचं मागून घेतलं. त्यावरून काय ते समज. तुझ्या हातची पेज सगळ्यांना आठवते.

झाल्या गोष्टीबद्दल मी लिहिणार नाही. त्या दिवशी मी जे बोललो ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या तत्त्वाला धरून होतं, हे तू मनात कबूल करत असशील. आपल्या पोराच्या, सत्यवानाच्या दिवसांना मी मिठबावला आलो नाही, याचाही तुला राग असणार. तिथे भट असणार, पिंड असणार, सगळे माझ्याकडे बघणार. मी येऊन काय करणार होतो? इथेच विहिरीजवळ बसून राहिलो दिवसभर.

पाडव्याला सांगातीला पाच वर्षं होतात. तेव्हा ये. तू नसताना पाच वर्षं साजरी करणं मला बरं दिसत नाही.

तुझा
दादा


सडेवाडी
८ मे १९८४

चि. सुगंधास,

आंब्यांची पेटी परत आली. मी आचऱ्याहून एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली केली होती. त्याने ती दुसऱ्या दिवशी आणून माझ्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या भयणीन सांगल्यान, आंबे मास्तरांनीच खावचे." पेटीची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. मी एकही खाल्ला नाही. शाळेत नेऊन वाटून टाकले. परसातल्या त्याच कलमाचे होते. ते सत्यवानाने लावलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पाडव्याला तू आली नाहीस. मी दोन गाड्या बघितल्या.

सुगंधा, तुला आठवण करून द्यावी असं वाटतं, म्हणून लिहितो. तू म्हणशील, मास्तराला सवयच आहे, जे पोराला पाठ आहे तेच पुन्हा फळ्यावर लिहायची. म्हण.

सांगात मी कुणासाठी काढली? सत्यवान मॅट्रिक पास झाला त्या वर्षीची जत्रा. तू नवसाचा नारळ घेऊन पालखीसमोर उभी राहिलीस. यजमान गेल्यावर चार वर्षांच्या त्याला कडेवर घेऊन तू माझ्याकडे आलीस, तेव्हापासून तुझं नि माझं आयुष्य त्या एका मुलाभोवती चाललं होतं, आणि तो पास झाला होता. तेव्हा दाजी देवस्थानाचे मानकरी होते. सगळ्या गावासमोर ते तुला म्हणाले, "तू फुडे येव नको गो. नारळ झिलाच्या हातात दी आणि तू मागे रव." विधवा बाई पुढे नको, म्हणून. तू सत्यवानाच्या हातात नारळ दिला नाहीस. घरी आणलास, किसलास, माशांच्या सारात घातलास आणि म्हणालीस, "देवाक नको तर आमका होयो." आम्ही तिघं हसत जेवलो. मग भांडी घासायला गेलीस आणि फार वेळ परत आली नाहीस.

त्या रात्रीनंतर मी देवळात गेलो नाही. ती काही मोठी गोष्ट नव्हती, गावात न जाणारे पुष्कळ. पण मला नुसतं न जाणं पुरेना. ज्यात कुणी मागे राहणार नाही असं काहीतरी हवं होतं. मूर्ती नको, मान नको, नवस नको, कौल नको. खरं बोलायचं, एका चुलीवरचं खायचं, एकमेकांच्या अडीनडीला जायचं. तुला सांगितलं तर तू विचारलंस, "आणि देव?" मी म्हटलं, जो तो आपापला बघेल. नाव तूच दिलंस. "सांगात म्हणा," म्हणालीस, "माणसाक माणसाचो सांगात."

आणि तो नियम. देवळात मानकरी गाऱ्हाणं घालतो, गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागतो, आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. चार वर्षांचा असल्यापासून मी व्हय म्हणत आलो. कशाला व्हय म्हणतोय हे कुणी विचारत नाही, आवाज मोठा असला की झालं. म्हणून आपण ठरवलं की सांगातीत कुणी एकसुरात व्हय म्हणायचं नाही. प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं आणि एकाचा जरी नाय आला तरी ती गोष्ट तिथेच थांबवायची. सगळ्यांचो व्हय, एकाचो नाय, तर नाय. तो नियम मी तुझ्यासाठी केला होता. सगळा गाव एका बाजूला असला तरी तुझा एकटीचा आवाज ऐकू यावा म्हणून.

तीन महिन्यांनी दाजी मान सोडून आपल्यात आले आणि पंगतीत तुझ्या शेजारी पाट मांडून बसले, तेव्हा तू त्यांच्या पानात आधी वाढलंस. ते मी कधी विसरलो नाही.

कैऱ्यांचं लोणचं घालणार आहे. तुझं प्रमाण कळव.

दादा


सडेवाडी
१९ नोव्हेंबर १९८५

चि. सुगंधास,

दीड वर्ष लिहिलं नाही. लोणच्याचं प्रमाण तू कळवलं नाहीस आणि मला राग आला. लहान मुलासारखा राग. बरणी नासली.

आज दोन वर्षं झाली. आज काही हातचं न राखता लिहायचं ठरवलं आहे. बघू कुठवर जातं.

सत्यवान लाँचवर इंजिन सांभाळायला लागला तेव्हा तुझी तयारी नव्हती. मीच म्हटलं होतं, हातात कसब आहे, मुंबईला जाऊन कुणाच्या गिरणीत राबण्यापेक्षा इथे राहील, आपल्या डोळ्यासमोर. हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मीच लिहितो.

त्या दिवशी दर्यात अवचित वारा सुटला. देवगडच्या बाकीच्या लाँची सांजेपर्यंत बंदरात आल्या, त्याची आली नाही. रात्रभर आपण जेटीवर बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत पत्ता नाही. आपण दोघं घरी आलो. तो दिवस रविवार नव्हता, कुणी बोलावलं नव्हतं, तरी दुपारी चारला सगळी सांगात जानकीच्या मांगरात येऊन बसली. कुणाच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती. आपण काढलेल्या या गोष्टीत जर काही खरं होतं, तर ते त्या दिवशी होतं.

तू उभी राहिलीस. मला शब्दन्‌शब्द आठवतो. म्हणालीस, "माका दुसरा कायेक नको. फकत एकदा सगळ्यांनी माज्या झिलासाठी गाऱ्हाणा घाला. खंयच्याय देवाक घाला, दर्याक घाला. मी सांगतंय, तुमी नुसता व्हय म्हणा."

नियमाप्रमाणे एकेकाला विचारलं. जानकी, व्हय. दाजी, व्हय. एकेक करून सगळे. शेवटी माझी पाळी आली आणि मी नाय म्हटलं.

नुसतं म्हटलं नाही, भाषण केलं. आज आपण भीतीपोटी हात जोडले तर उद्या कौल लावू, परवा बोकड सोडू, मग गावात आणि आपल्यात फरक काय. दर्या कुणाचं ऐकत नाही. सत्यवानालासुद्धा हे आवडलं नसतं. असंच काहीतरी. किती वेळ बोललो आठवत नाही. जानकी म्हणते, फार वेळ. तू तेवढा वेळ उभीच होतीस. दाजी म्हणाले, "मास्तर, आज ऱ्हवांदे." मी म्हटलं, नियम तो नियम. एकाचा नाय आला होता. ती गोष्ट थांबली.

पदर सारखा केलास आणि बसलीस. तुझ्या अंगावर तेव्हा निळं लुगडं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला.

पुढे लिहायला घेतलं की मी नेहमी म्हणतो, गाऱ्हाणं घातलं असतं तरी तो वाचला नसता. हे खरं आहे. तो बहुतेक पहिल्याच रात्री गेला होता, डॉक्टर तसं म्हणाले. शाळेतल्या कुणालाही हिशेब मांडून दाखवता येईल की माझ्या नायमुळे काही घडलं नाही आणि बिघडलंही नाही. हा हिशेब मी दोन वर्षं रोज मांडतो. उत्तर बरोबर येतं आणि जेवण जात नाही.

त्याची विजार अजून खुंटीवर आहे. मी काढलेली नाही. गावात सगळे तुझा मुलगा गेला म्हणतात, तेच बरोबर आहे. मला कुणी विचारलं नाही. त्याला मी पाढे शिकवले, पोहायला मी शिकवलं, पहिली दाढी माझ्या वस्तऱ्याने केली त्याने आणि हनुवटी कापून घेतली. हे कुणाजवळ बोलायचं तर ते माणूस मिठबावला आहे आणि माझे आंबे परत पाठवतं.

तुझा
दादा


सडेवाडी
२० जुलै १९८६

चि. सुगंधास,

परवा गणपत गुरव गेला. तापाने गेला, चार दिवसांत. त्याच्या मयताला गेलो होतो. वाटेत माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, आता ते कुणालाच कळणार नाही. हा विचार मनात आला आणि मला माझी किळस आली. म्हणून हे पत्र.

मागच्या पत्रात सगळं लिहायचं ठरवलं होतं. लिहिलं नाही. आपण जेटीवरून घरी आलो त्या पहाटेचं मी गाळलं. खरं तर अडीच वर्षांत मी तुला जे काही लिहिलं ते सगळं ते एक गाळूनच लिहिलं.

तू आत आडवी झालीस. झोप लागली असेल असं वाटलं. मी मागच्या दाराने निघालो, शेताच्या मेरेवरून, कुणी बघू नये म्हणून. गावाच्या देवळात गेलो. पाच वर्षांनी. गणपत तिथे पूजा मांडत होता. त्याने मला बघितलं आणि एकही प्रश्न विचारला नाही, त्याचे ते उपकार मी विसरणार नाही. मी म्हटलं, "गणपत, कौल लाव." त्याने फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर लावल्या, दोन्ही बाजूंना, आणि माझ्या वतीने विचारलं की मास्तराचो झील जिवंत परत येतलो काय. तो झील म्हणाला, भाचा म्हणाला नाही.

उजवी पाकळी पडली.

मला खरं वाटेना. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा उजवी. गणपत म्हणाला, "मास्तर, देवान कौल दिल्यान. झील येतलो. घराक जावा." सुगंधा, मी तिथे फरशीवर आडवा पडलो. शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारा मी देवापुढे कपाळ टेकून रडलो, आणि नवस बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, लाज वाटते.

आता तुला कळेल मी संध्याकाळी नाय का म्हटलं. तत्त्वाचं काही नव्हतं. माझ्या खिशात उजवा कौल होता. मला पक्की खात्री होती की सत्यवान उद्या येणार. मग मी विचार केला, आज इथे गाऱ्हाणं घातलं आणि उद्या पोर आलं, तर सगळे म्हणतील गाऱ्हाण्याने आलं. सांगात संपली. त्यापेक्षा आपण नाय म्हणू, पोर तर येणारच आहे, सांगातही राहील आणि मास्तरही राहील. मला देवही हवा होता आणि देवाला नको म्हणणारी माझी ऐटही हवी होती. तुझा मुलगा पैजेला लावून मी ती दोन्ही राखायला गेलो.

मी तुला भीतीवर भाषण दिलं तेव्हा माझ्या कपाळाला देवळातल्या फरशीची धूळ लागून बारा तासही झाले नव्हते.

तेव्हा निदान तुला एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. दिवसभर तू समोर होतीस. दोनदा तोंडापर्यंत आलं. पण तुझ्यासमोर मी कधी लहान झालो नव्हतो. तू मला देवासारखा मानतेस असं मला वाटायचं आणि ते मला आवडायचं.

हे मी आधी तुला लिहितो आहे. येत्या रविवारी सांगातीला सांगणार. क्षमा कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. तुझ्याकडे काही मागण्याची माझी योग्यता नाही.

दादा


सडेवाडी
२ सप्टेंबर १९८६

चि. सुगंधास,

सांगितलं. जुलैतल्या रविवारी धीर झाला नाही. परवाच्या रविवारी झाला.

मी आठ दिवस मनात वाक्यं जुळवत होतो. लोक उठून जातील, दाजी शिव्या देतील, असं धरून चाललो होतो. मी सगळं सांगून खाली बसलो. मग जानकी हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाली, "मास्तर, तुमी एकदाच गेलात. मी दर सोमवारी जातंय. मागल्या दारान."

आणि मग एकेक सुरू झालं. कुणी मुलाच्या नोकरीसाठी कौल लावला होता, कुणी सुनेच्या बाळंतपणाला नवस बोललं होतं. खालच्या वाडीतली दोघं नवराबायको एकमेकांपासून लपवून जात होती, ते त्यांना तिथेच कळलं. दाजी सगळ्यात शेवटी बोलले. म्हणाले, "मान सोडलंय मी, मास्तर. देव खंय सोडलंय?" मी विचारलं, मग इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीत. दाजी म्हणाले, "तुमका राग इलो असतो."

सुगंधा, सांगातीत खरं बोलायचं हा पहिला नियम. सात वर्षं आम्ही दर रविवारी एकमेकांना लहानसहान चुका सांगत बसलो. याच्या माडाचे नारळ त्याने उतरवले, त्याची कोंबडी हिने डांबून ठेवली. आणि मोठी गोष्ट सगळ्यांनी लपवली. माझ्या भीतीने. गावात दाजी मानकरी होते, इथे मी झालो. दाजींनी निदान एकदाच तुला मागे राहायला सांगितलं.

मग माझ्या ध्यानात आलं आणि तेव्हापासून मला झोप नाही. सगळे जात होते, मीसुद्धा गेलो. एकटी तू गेली नाहीस. तुझा मुलगा दर्यात होता. देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर. कुणी तुला अडवलं नसतं, गणपतने काही विचारलं नसतं. पण तू नियम पाळलास. लपून गेली नाहीस, उघड आमच्यासमोर उभी राहून मागितलंस. आम्हा सगळ्यांत सांगातीवर खरा विश्वास तुझा एकटीचा होता, आणि किंमत तुझ्याकडूनच वसूल झाली. माझ्या हातून झाली.

परवा उठताना जानकीने विचारलं, पुढच्या रविवारी बसायचं काय. एकेकाला नाव घेऊन विचारलं. सगळे व्हय म्हणाले. मी म्हटलं, माका इचारू नको. माझ्या तोंडून तीस वर्षांनी मालवणी गेलं, त्याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

तू परत ये असं आता लिहीत नाही. हे पत्र मिळालं एवढं कुणाकडून तरी कळव.

दादा


मिठबाव
१५ सप्टेंबर १९८६

ती. दादास,

तुजी सगळी पत्रां गावली. सगळी वाचलंय. आंब्याची पेटी परत धाडलंय तेवा वायट वाटला.

आज लिवतंय ता एकाच गोष्टीसाठी. तू लिवलंस, मी एकटीच देवळात गेलंय नाय. ता खोटा आसा. तुका आता खोटा नको, म्हणान सांगतंय.

जेटीवरसून इलव त्या फाटेक माका झोप खंयची येतली? तू भायर पडलंस ता माका कळला नाय. मी वायच येळान उठान फुडल्या वाटेन देवळात गेलंय. पायरेर तुजी चपलां होती. डाव्या चपलेचो अंगठो मीच दाभणान शिवललंय, दुसऱ्या कोणाची म्हणतलंय? मी थंयसूनच मागारी फिरलंय. आत इलंय नाय. म्हटला, दादा आत आसा. दादान सांगल्यान म्हणजे देवाक माका सांगूक नको.

घराक येवन चाय केलंय. तू इलंस, काय बोललंस नाय. म्हटला, लाजता. सांजेक सगळ्यांसमोर सांगतलो. मी दीसभर वाट बघलंय. उजवो कौल पडलो ता तरी सांगतंस, तर माका एक रात झोप लागली असती.

सांजेक तू सांगलंस नाय म्हणान मीच उभी रवलंय. तुका एकट्याक जड जाता, आपण वाट करून देवया, असा मनात होता. जानकीचो व्हय, दाजींचो व्हय, माका ते ऐकाकच इले नाय. माका तुजो एकट्याचो होयो होतो, आणि तो तू म्हणतलंस ह्याची माका खात्री होती.

सुगंधा